राजाची गजशाळा आणि आपला पिंजरा

सोलापूरच्या पूर्वेस कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, हे नगर आहे. बाराव्या शतकात, सिद्धरामेश्वरांच्या काळी, हा मुलूख तेथील चालुक्यांच्या सत्तेखाली होता. त्या घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने सन ११२९ मध्ये ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजनीती आहे, पाकशास्त्र आहे, संगीत आहे. तसेच हत्तींची लक्षणे, त्यांचे रोग आणि औषधोपचारही आहेत. शिकारी कुत्री व ससाणे यांचाही त्यात स्वतंत्र विचार केलेला आढळतो.

ही विद्या एकट्या सोमेश्वराची नव्हे. पालकाप्य मुनींच्या नावावरील ‘हस्त्यायुर्वेद’ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापला. वात, पित्त, कफ हे तत्त्व माणसांच्याच वैद्यकातले; तरी त्यासाठी निराळा ग्रंथ रचावा लागला. माणसाचा काढा घागरभर करून हत्तीस पाजला की झाले, असे आमच्या पूर्वजांनी मानले नाही. आम्हांस यातील खरे मर्म हेच वाटते.

आज गजशाळा गेल्या. घराघरांत परदेशी गिनीपिग आणि बजरीगर आले. त्यांना आपण मोठ्या मायेने हळद, काढे आणि बाटलीतील टॉनिक देतो. पण ज्याच्यासाठी देतो त्याची प्रकृती विचारात घेतो काय? सन १९०७ मध्ये नॉर्वेतील होल्स्ट व फ्रोलिख या संशोधकांनी गिनीपिगांस केवळ धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना स्कर्व्ही झाली. ताज्या भाजीपाल्याने ती टळली. ससा आपल्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करतो, गिनीपिगाला ते साधत नाही. म्हणून सशाच्या खाद्यावर ठेवलेला गिनीपिग भरल्या ताटापुढेही आजारी पडतो. त्याला पेरूची फोड किंवा ढोबळी मिरची हवी. नुसत्या राळ्या-बाजरीवर वाढणाऱ्या बजरीगरास अ जीवनसत्त्व कमी पडते; परंतु तेच अतिरेकाने दिल्यास यकृतात साचून बाधते. आपल्या फोडणीतील लसूण कुत्र्यामांजरांचे रक्त बिघडवतो. वनस्पती औषधी असली म्हणून ती सर्वांस निर्धोक ठरत नाही.

मुका जीव दुखणे सांगत नाही; पुष्कळदा तो ते लपवतो, आणि ध्यानी येईतो उशीर झालेला असतो. तेव्हा जुन्या ग्रंथांतील पाठ उतरवून घेण्यापेक्षा त्यांची पद्धत आपण उचलावी: आधी प्राणी जाणावा, मग आहार सुधारावा आणि औषध पशुवैद्यास विचारूनच द्यावे. कल्याणीच्या राजाने हत्तीविषयी जेवढी चौकशी केली, तेवढी आपण पिंजऱ्यातील पाहुण्याविषयी करावी, एवढीच आमची विनंती आहे.