दामाजींच्या पावतीची तारीख

दामाजीपंतांच्या आख्यानात पावतीला मोठे महत्त्व आहे. मंगळवेढ्याच्या कोठारातील धान्य पंतांनी दुष्काळात लुटवले. विठू महाराच्या रूपाने विठ्ठल बेदरास गेला, बादशहाकडे रक्कम भरली आणि पावती घेऊन आला. महिपतीने ही कथा 'भक्तविजय'मध्ये (शके 1684, इ.स. 1762) सांगितली. वाचकाला विचारावेसे वाटते ते इतकेच, की त्या पावतीवर तारीख कोणती असेल?

लोकपरंपरा या दुष्काळाला दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणते. ग्रँट डफने त्याचा आरंभ 1396 चा दिला आहे. परंतु तेव्हा बहमनींची राजधानी गुलबर्गा होती. ती बेदरास गेली अहमदशहा वलीच्या कारकिर्दीत (1422-1436). म्हणजे कथेतले बेदर खरे मानले तर 1396 सोडावे लागते. दुसरे मत शके 1380 च्या सुमाराचे, म्हणजे 1458-60 चे. ते राजधानीशी तरी जुळते. प्रस्तुत लेखकाचा कल याच मताकडे आहे.

याच मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले. त्यांची तिथी मात्र परंपरेने नेमकी जपली आहे: शके 1260 (इ.स. 1338), वैशाख वद्य पंचमी. गंमत अशी, की शके 1260 आणि शके 1380 या दोन्ही वर्षांचे संवत्सरनाम एकच, 'बहुधान्य'. साठ वर्षांचे चक्र दोनदा फिरले. एखाद्या कागदावर केवळ संवत्सर व तिथी असेल, तर तेवढ्यावरून चोखोबांचा काळ आणि दामाजींचा काळ वेगळा करता येणार नाही. (दुष्काळी वर्षाचे हे नाव पंचांगाने विनोदाने ठेवले नसावे!) तिथी स्वतःही सुमारे 19 ते 26 तासांची, लवचीक.

संगणकाने हे सारे सूक्ष्म केले, असे आपण मानतो. पण डॉसच्या फॅट पद्धतीत सेकंदांसाठी पाचच बिट होते. त्यांतून 32 मूल्ये निघतात, म्हणून फाइल बदलल्याची वेळ दोन-दोन सेकंदांनीच नोंदली जाई, आणि शेवटची उघडल्याची तर केवळ तारीख. विंडोज एनटीच्या एनटीएफएसने 1 जानेवारी 1601 पासून सेकंदाच्या कोट्यंशात वेळ मोजायला घेतली. तरीही ही नोंद यंत्रातल्या घड्याळाने सांगितलेली. माझ्या जुन्या संगणकाची घड्याळाची बॅटरी संपली होती, तेव्हा टंकलेल्या अभंगांच्या फायलींवर 1 जानेवारी 1980 ही तारीख बसली. फॅटचा काळ तिथूनच सुरू होतो. मिनिटे व सेकंद अगदी व्यवस्थित होते.

चोखोबांच्या तिथीलाही हाच प्रश्न विचारायला हवा: ती कोणी, केव्हा लिहून ठेवली? तिथी सांगणाऱ्या घड्याळाविषयी परंपरा बोलत नाही. ती सांगते ते वेगळेच. ढिगाऱ्यातील अस्थी नामदेवांनी विठ्ठलनामाच्या ध्वनीवरून ओळखल्या आणि पंढरपूरला महाद्वारासमोर नेल्या. त्या अस्थींवर तारीख नव्हती.