नळातले विष, ज्योतीतले विष

मेलबर्नमधील अनेक घरे हिवाळ्यात एकाच गॅस-हीटरवर उबदार राहतात. धातूच्या बंद पेटीत ज्योत जळते. पेटीच्या बाहेरून पंख्याने ढकललेली हवा तापते आणि नळकांड्यांतून खोल्याखोल्यांत जाते. धूर वेगळ्या धुराड्यातून बाहेर पडतो. या दोन हवांच्या मध्ये असते ती फक्त धातूची भिंत.

पूर्वी तेथे दगडी कोळशापासून केलेला गॅस घरोघरी येई. त्यातच कार्बन मोनॉक्साइड असे. नळ गळला तरी माणूस दगावे. १९६५ मध्ये बास सामुद्रधुनीत नैसर्गिक वायू सापडला आणि १९६९ पासून तो शहराला मिळू लागला. त्यात हे विष जवळजवळ नसते. मग धोका टळला का?

नाही. ज्योतीला प्राणवायू कमी पडला की विष तिथेच तयार होते. हिमोग्लोबिनशी त्याचे आकर्षण प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक असते. धुराडे तुंबले, भिंतीला तडा गेला किंवा बंद घरात स्वयंपाकघरातील पंख्याने धूर उलटा ओढला, की ते खोलीत शिरते. त्याला ना रंग, ना वास. २०१० मध्ये व्हिक्टोरिया राज्यात गॅस-हीटरमधून आलेल्या या वायूने दोन लहान भाऊ दगावले. २०२१ मध्ये तेथे भाड्याच्या घरांतील गॅस-उपकरणांची दर दोन वर्षांनी तपासणी सक्तीची झाली.

आपल्याकडे असे हीटर नाहीत, पण न्हाणीघरात गॅस-गीझर आहेत. बन्सन बर्नरचे हवेचे छिद्र बंद केले की ज्योत पिवळी होते, हे आपण वर्गात दाखवतोच. त्याच वेळी मुलांना विचारू या : तुमच्या न्हाणीघराची खिडकी उघडी असते का?