परवाना कोणाचा, वाहन कोणाचे? चौलच्या बंदरापासून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत

१/
भाडेपट्ट्याने घेतलेली विजेची मोटार मांडव्याला रो-रो बोटीतून उतरते आणि अलिबागच्या रस्त्याला लागते. तिची किंमत एकाने मोजलेली असते, चाक दुसऱ्याच्या हाती असते आणि रस्त्यावर येण्याची मुभा शासनाने दिलेली असते. मालकी, ताबा आणि परवानगी या तीन गोष्टी तीन ठिकाणी असल्या, तर वाहन खरे कोणाचे? प्रश्न आजचा वाटतो. रायगडच्या किनाऱ्याला मात्र तो पाचशे वर्षांपासून ओळखीचा आहे. हा धागा त्याच प्रश्नाचा.

२/
आरंभ चौलपासून करू. १५२१ साली पोर्तुगीजांनी चौलच्या खाडीच्या मुखाशी, आजच्या रेवदंड्यात, आपला कोट उभारण्यास घेतला. जहाजे बांधावीत इथल्या व्यापाऱ्यांनी, माल भरावा त्यांनी, वारा ओळखावा इथल्या तांडेलांनी. परंतु समुद्रात जायचे तर पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ जवळ हवा. जहाज कोणाचे, नाखवा कोण, कोठे जाणार, हे त्या कागदात नमूद असे. ठरावीक पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरणे बंधनकारक असे. कागद नसेल, तर जहाज आणि माल दोन्ही जप्त.

३/
या कागदाची धास्ती मोठमोठ्यांनाही होती. सुरतेहून मक्केला जाणाऱ्या मुघलांच्या जहाजांनाही कार्ताझ घ्यावा लागे. त्यावर मेरी आणि येशू यांच्या प्रतिमा असत. म्हणून असा कागद बाळगून हजला जाणे धर्मसंमत आहे का, हा वाद अकबराच्या दरबारातील उलेमांपर्यंत पोहोचला. जमिनीवर ज्याच्या शब्दापुढे कोणी जात नव्हते, त्या बादशहालाही समुद्रावर परक्याची परवानगी लागत होती. मालकी पुरेशी नसते, हे यावरून कळते.

४/
अठराव्या शतकाच्या प्रारंभी याच किनाऱ्यावर दुसरा अधिकारी उभा राहिला: सरखेल कान्होजी आंग्रे. अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला हे त्यांचे मुख्य ठाणे. त्यांनी स्वतःचे ‘दस्तक’ द्यायला सुरुवात केली. दस्तक घेणाऱ्या गलबताला आंग्ऱ्यांच्या आरमाराकडून अभय. न घेणारे पकडले जाण्यास पात्र. पोर्तुगीज दोनशे वर्षे जे करत आले होते, तेच आता कोकणच्या दर्यावर मराठी सत्ता करू लागली.

५/
इंग्रजांशी खटका उडाला तो नेमक्या मालकीच्या व्याख्येवरून. कंपनीच्या स्वतःच्या जहाजांचा प्रश्न वेगळा. परंतु देशी व्यापाऱ्यांची जहाजे केवळ कंपनीचा पास बाळगतात म्हणून ती ‘इंग्रजांची’ ठरतात का? कंपनी म्हणे, ठरतात. कान्होजींना ते मान्य नव्हते. १७१८ साली मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याचा खांदेरीवरील हल्ला फसला. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली मोहीमही फसली. इंग्रजी कागदांत कान्होजी ‘चाचे’ ठरले. लक्षात घ्या, परवाना देणारा सार्वभौम आणि दुसऱ्याचा परवाना नाकारणारा चाचा, ही विभागणी लिहिणाऱ्याच्या हातात होती.

६/
१८४० साली कुलाबा संस्थान कंपनीने खालसा केले. पुढे वाहतूक समुद्रावरून रस्त्यावर सरकली आणि परवानाही तिच्यासोबत आला. मोटारींसाठी अखिल भारतीय कायदा १९१४ साली झाला, त्याच्या जागी १९३९ चा आणि पुढे १९८८ चा. या शेवटच्या कायद्यात आपल्या प्रश्नाचे एक उत्तर दडले आहे. वाहन भाडे-खरेदी, भाडेपट्टा किंवा तारण करारावर असेल, तर त्या कराराने ज्याच्या ताब्यात ते आहे, तोच कायद्याच्या दृष्टीने ‘मालक’. पैसे कोणाचे, हे दुय्यम. ताबा कोणाचा, हे मुख्य.

७/
येथे तीन कागद वेगळे ओळखायला हवेत. नोंदणी वाहनाची असते. परवाना, म्हणजे बोलीतले ‘परमिट’, व्यवसायाचा असतो. अनुज्ञप्ती, म्हणजे ‘लायसन’, माणसाच्या कौशल्याची असते; ती विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही. तिचेही प्रकार आहेत. ब्रिटनमध्ये गिअर नसलेल्या मोटारीवर परीक्षा दिली, तर गिअरची मोटार चालवता येत नाही. भारतात हा भेद दुचाकीपुरताच आहे: गिअरची आणि बिनगिअरची. हलक्या मोटारीला एकच वर्ग. म्हणून विजेवरच्या बिनगिअरच्या मोटारीसाठी आपल्याकडे निराळी अनुज्ञप्ती लागत नाही.

८/
आता किनारा सोडून रायगड जिल्ह्याच्याच डोंगरात जाऊ. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानला चढला आणि तेथे थंड हवेचे ठिकाण वसले. १९०७ साली नेरळहून छोटी रेल्वे आली. मोटार मात्र गावात शिरली नाही. ती दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढे पायी, घोड्यावर, किंवा माणसाने ओढलेल्या रिक्षातून. २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला आणि मोटारबंदीला अधिक बळ मिळाले. झाडे वाचली. त्या शांततेची किंमत मात्र चढावर रिक्षा ओढणाऱ्याच्या छातीने आणि गुडघ्यांनी मोजली. अशा हात-रिक्षांचे अधिकृत परवानाधारक ९४.

९/
इतरत्र दरम्यान कायदा बदलत होता. २०१५ च्या दुरुस्तीने ई-रिक्षा हा स्वतंत्र प्रकार मानला गेला: तीन चाके, शक्ती ४,००० वॅटपर्यंत. चालकाला किमान दहा दिवसांचे प्रशिक्षण; मात्र व्यावसायिक अनुज्ञप्तीपूर्वी वर्षभर हलके वाहन चालवलेले असण्याची अट त्याला नाही. २०१८ साली केंद्राने विजेवरील व्यावसायिक वाहनांना परमिटमधूनच सूट दिली. देशभर विजेचे वाहन परमिटमधून सुटले. माथेरानला मात्र वाहनांची संख्याच मर्यादित. त्यामुळे तेथे परवानगी हीच मालमत्ता ठरली.

१०/
मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक ई-रिक्षांना वाट दिली आणि त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये ७ ई-रिक्षा धावू लागल्या. शाळकरी मुले, वृद्ध, आजारी माणसे यांची सोय झाली. पण त्या चालवायच्या कोणी? ई-रिक्षा हात-रिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाव्यात, त्यांच्या उपजीविकेचा पर्याय म्हणूनच त्या आहेत, हे न्यायालयाला स्पष्ट करावे लागले. २० ई-रिक्षांच्या वाटपाबद्दल तक्रारी आल्या, तेव्हा त्यांची चौकशीही न्यायालयाच्या आदेशाने झाली. यंत्र आले म्हणजे न्याय आला, असे होत नाही.

११/
या कथेला एक जुना दाखला आहे, पंजाबचा. १९७५ च्या कायद्याने तेथे ठरले की सायकल-रिक्षाचा परवाना जो मालक स्वतः रिक्षा चालवतो, त्यालाच. हेतू उत्तम: भाडे खाणारा मध्यस्थ जावा. परिणाम उलटा: बहुतेक चालक भाड्याच्या रिक्षा ओढत होते, मालकी नाही, म्हणून परवाना नाही, म्हणून भाकरी नाही. अमृतसरची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कायदा मोडला नाही. बँकेच्या कर्जातून चालकांनाच मालक होता येईल, अशी व्यवस्था लावून दिली. परवाना द्यायचा, तर आधी वाहन हाती यायला हवे.

१२/
६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने माथेरानच्या निकालात हाच पंजाबचा खटला आठवला. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा सहा महिन्यांत थांबवावी. गुजरातच्या केवडियाप्रमाणे शासनाने ई-रिक्षा विकत घेऊन त्या मूळ रिक्षा ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात. निधी नाही ही सबब चालणार नाही. खरे हक्कदार कोण, हे ठरवण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे आले.

१३/
भाडेपट्टा हा शब्द आपण चैनीच्या मोटारीशी जोडतो. माथेरानात तो ज्याच्याकडे भांडवल नाही, पण ज्याच्या पायांना प्रत्येक वळण पाठ आहे, अशा माणसाला वाहनापर्यंत नेणारा पूल होऊ शकतो. एक सावधगिरी मात्र हवी. भाडे किती, बॅटरी खराब झाली तर खर्च कोणाचा, वयस्क ओढणाऱ्याला अनुज्ञप्ती मिळाली नाही तर त्याच्या घरच्यांना हक्क आहे का, हे करारात स्पष्ट नसेल, तर सावकार बदलेल, ओझे तेच राहील.

१४/
कार्ताझ आणि दस्तक सत्तेच्या सोयीसाठी होते. समुद्रावरून जाणाऱ्याकडून वसुली हा त्यांचा हेतू. लोकशाहीतला परवाना प्रवाशाच्या, चालकाच्या आणि डोंगराच्या रक्षणासाठी असायला हवा. तो तसा आहे का, हे तपासायची कसोटी सोपी आहे: कागदावर नाव कोणाचे, चाक कोणाच्या हाती आणि संध्याकाळी भाडे कोणाच्या खिशात? तिन्ही प्रश्नांना एकाच माणसाचे नाव उत्तर म्हणून येईल, त्या दिवशी दस्तुरी नाक्यावरचा चढ खऱ्या अर्थाने संपेल.