धार, दगड आणि आजोबांची सुरी

हा विषय निघाला तो एका सुरीवरून. आमचे आजोबा पेण तालुक्यातील गावोगावी शोहेतचे काम करीत. त्यांची सुरी वारसाने आमच्या पुतण्याकडे गेली आणि नोकरीनिमित्त त्याच्याबरोबर शारजास पोहोचली. गेल्या हिवाळ्यात आम्ही तेथे गेलो, तेव्हा सुरीच्या टोकाकडे बोटभर लांबीचा निळा डाग आम्हांस दिसला. पुतण्याने ती हौसेने एका दुकानात विजेच्या चाकावर लावून आणली होती. पोलाद निळे पडते ते सुमारे 300 अंश उष्णतेला. आमच्या कोकणी भाषेत सांगावयाचे तर सुरीचे पाणी उतरले होते. आम्ही रागावलो नाही, कारण दोष आमचाच होता. सुरी दिली आणि दगड कसा निवडावा हे मात्र शिकवावयाचे राहून गेले.

योगायोग असा की धारेची गोष्ट फार मागे नेणारा डोंगर त्याच अमिरातीत आहे. म्लेहा गावाजवळील जेबेल फाया येथे सापडलेली दगडी हत्यारे सुमारे 1,25,000 वर्षांपूर्वीची असल्याचे 2011 साली संशोधकांनी प्रसिद्ध केले, आणि जुलै 2025 मध्ये युनेस्कोने त्या प्रदेशाचा जागतिक वारशात समावेश केला. त्या माणसांस धार लावण्याचा दगड लागत नसे. चकमकीच्या जातीच्या दगडाची धार बोथट झाली की आणखी एक कपची उडवावी, नवी धार तयार! धार दगडातूनच निघे, दगडावर लावावी लागत नसे.

ही सोय धातूने संपविली. हजर पर्वतातील तांबे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इराकपर्यंत जाई. तेथील मातीच्या विटांवरील लेखांत ज्या मगन देशाचे नाव येते तो म्हणजे आजचा ओमान आणि अमिरातींचा मुलूख, असे विद्वान मानतात. अबू धाबीजवळील उम्म अल-नार बेटावर डॅनिश पथकाने 1959 साली त्या काळच्या कबरी खणून काढल्या. तांब्याचे पाते कडेने ठोकले की कठीण होते, पण ठोकलेली कड सरळ करावयास घासणीचा दगड हवाच. पुढे त्या देशात ‘लोहयुग’ म्हणून जो काळ ओळखला जातो, त्यातही हत्यारे मुख्यतः काशाचीच होती.

लोखंड आले आणि धार हा परावलंबनाचा विषय झाला. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा तेरावा अध्याय वाचकांच्या परिचयाचा आहे. इस्राएलात लोहार नव्हता, म्हणून फाळ आणि कुऱ्हाडी पाजवून घेण्यास लोकांस पलिष्ट्यांकडे जावे लागे. त्या मजुरीसाठी तेथे ‘पीम’ हा शब्द येतो. 1611 च्या इंग्रजी भाषांतरकारांनी त्याचा अर्थ चक्क कानस असा केला! विसाव्या शतकाच्या आरंभी हीच अक्षरे कोरलेली दगडी वजने सापडली, तेव्हा उलगडा झाला की पीम म्हणजे सुमारे पावणेआठ ग्रॅम, शेकेलचे दोन-तृतीयांश वजन. एका फाळाच्या धारेला तेवढी चांदी!

आता दगडाची निवड. जुन्या दुबईतील घरांच्या भिंती प्रवाळाच्या दगडाच्या आहेत. दिसावयास तो खरखरीत, परंतु त्यावर पोलाद घासले तर झिजतो तो दगडच. 1812 साली मोस याने केलेल्या कठिणतेच्या मोजणीत चुनखडीचे खनिज तिसऱ्या पायरीवर, गारगोटी सातव्या आणि कुरुंद नवव्या पायरीवर आहे. पोलाद साधारणपणे पाच ते सात यांच्या दरम्यान येते. म्हणून वाळूचा दगड चालतो आणि कुरुंद उत्तम चालतो. इंग्रजीतील कोरंडम हे नावही तमिळ ‘कुरुंदम’वरून गेलेले आहे. आपल्याकडचे शिकलगार कुरुंदाची पूड लाखेत मळून साणेची चाके करीत. पुढे 1891 साली अमेरिकेत ॲचेसन याच्या हाती कृत्रिम कार्बोरंडम लागले, आणि 1941 मध्ये आपल्याच कुलाबा जिल्ह्यात, उरणजवळच्या मोरा येथे, साणेची चाके तयार करणारा कारखाना निघाला.

बाजारात दगडावर अंक असतो. तो जितका लहान, तितके कण जाडे. कोयत्याला किंवा मोडलेल्या धारेला 120, स्वयंपाकाच्या सुरीला 1000 च्या आसपासचा पाण्याचा दगड, आणि सुताराच्या पटाशीला त्याहूनही बारीक. ज्या दगडाला एकदा तेल लावले त्यावर पुन्हा पाणी वापरू नये. मध्ये खोलगट झालेला दगड सपाट काचेवर जाडी पूड टाकून घासून घ्यावा. वाकड्या दगडावर सरळ धार येत नाही.

शोहेतच्या सुरीचा न्याय मात्र निराळा. टोमॅटोची साल झटकन कापणारी सुरी ही बहुधा मध्यम दगडावरची असते. तिच्या कडेला डोळ्यांस न दिसणारे दात असतात आणि तेच सालीत रुततात. शोहेतच्या सुरीत नेमका हाच दात निषिद्ध आहे. नुसती तीक्ष्ण नव्हे, तर अखंड कड हवी. म्हणून बोटाच्या मांसावरून आणि नखावरून, धारेच्या तिन्ही बाजूंनी, ती तपासावयाची. तलमुदातील हुल्लीन या ग्रंथात हे आले आहे, आणि मोशे बेन मैमून यांनी ते आपल्या धर्मसंहितेत नीट मांडले. त्यांच्याच नावाचे सिनेगॉग 2023 साली अबू धाबीत, मशीद आणि चर्च यांच्या शेजारी, खुले झाले. मुसलमानांच्या हदीसमध्येही जबेह करणाऱ्याने सुरी पाजवून घ्यावी आणि प्राण्यास यातना कमी द्याव्या, अशी आज्ञा आहे.

आजोबांच्या सुरीचा निळा भाग पुरता घासून काढणे भाग होते, कारण पाणी उतरलेल्या पोलादावर धार टिकत नाही. पुतण्याने देऱ्याच्या बाजारातून दोन दगड आणले. तीन संध्याकाळ गॅलरीत बसून तो जाड्या दगडावर आणि नंतर बारीक दगडावर पाते ओढीत होता. हवा इतकी कोरडी की दर चार ओढींना पाणी शिंपडावे लागे. पाते दोन दोऱ्यांइतके अरुंद झाले. चौथ्या दिवशी आम्ही कडेवरून नख हलकेच फिरविले. मुठीपासून निम्म्यापर्यंत ते काचेवरून जावे तसे गेले. पुढे एका जागी किंचित अडले. आम्ही त्याला ती जागा दाखविली, आणि त्याने दगड पुन्हा पाण्यात टाकला.