मेंढीच्या रक्ताची साक्ष

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. पुण्याला वसतिगृहात राहून शिकणारी माझी भाची ताप घेऊन घरी आली आणि पाच दिवस झाले तरी ताप हटेना. घसा आतून पांढरा पडलेला, मानेला दोन्ही बाजूंनी सुपारीएवढ्या गाठी, आणि अंगात इतका अशक्तपणा की पाण्याचा पेला उचलणेही जड व्हावे. रक्त तपासले, तर पांढऱ्या पेशी वाढलेल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा चमत्कारिक आकाराच्या, असा शेरा आला. घरात कोणी बोलून दाखविले नाही. पण रक्ताचा कर्करोग हा शब्द प्रत्येकाच्या मनात येऊन गेला. माझ्या बहिणीने त्या रात्री देवापुढचे निरांजन विझू दिले नाही.

डॉक्टर मात्र शांत होते. "मोनोन्यूक्लिओसिसची चाचणी करू. थेंबभर रक्ताचे काम," ते म्हणाले. चाचणी झाली आणि उत्तर आले नकारार्थी! "आपण जरा लवकर विचारले. आठवड्याने पुन्हा विचारू," एवढे बोलून ते निघून गेले.

मी इतिहासाचा मास्तर; वैद्यकातले मला काय कळणार? पण तो आठवडा सरेना, म्हणून मी या चाचणीची कुळकथा धुंडाळू लागलो. तीच वाचकांपुढे ठेवतो.

या दुखण्याला पहिले ठसठशीत नाव दिले जर्मनीतील एमिल प्फायफर या डॉक्टरांनी, 1889 साली. ते नाव होते ‘ग्रंथिज्वर’. ताप येतो, गाठी सुजतात, आणि काही काळाने मूल बरे होते, एवढेच त्यांना दिसले. रक्तात काय घडते ते कळायला आणखी 31 वर्षे गेली. 1920 साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे स्प्रंट आणि एव्हान्स या दोघांनी सहा तरुण रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांच्या रक्तात एककेंद्री पांढऱ्या पेशींचा सुळसुळाट झाला होता. पाहणाऱ्याला वाटावे, हा रक्ताचा कर्करोगच. पण सहाही जण बरे झाले! त्या दोघांनी या रोगाला ‘इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस’ हे नाव दिले. माझ्या बहिणीच्या मनातली भीती शंभर वर्षांपूर्वी थोर थोर डॉक्टरांच्याही मनात होती, हे वाचून मला पहिल्यांदा धीर आला.

पण दोन रोगांतला फरक ओळखायचा कसा? उत्तर सापडले ते योगायोगाने. येल विद्यापीठातील जॉन पॉल आणि वॉल्स बनेल संधिवाताच्या तापाचा अभ्यास करीत होते. रुग्णांच्या रक्तरसात मेंढीच्या तांबड्या पेशी घालायच्या आणि त्यांचे पुंजके बांधतात का ते पाहायचे, असा त्यांचा प्रयोग. तुलनेसाठी घेतलेल्या नमुन्यांत ग्रंथिज्वराचे रुग्णही होते, आणि नेमक्या त्यांच्याच रक्तरसाने मेंढीच्या पेशी भराभर गोळा केल्या! 1932 साली ही गोष्ट जाहीर झाली. चोर शोधायला जावे आणि हरवलेले मूल सापडावे, तसे हे झाले.

माणसाच्या तापाशी मेंढीचा संबंध काय? रोगजंतूशी लढण्यासाठी शरीर जी प्रतिद्रव्ये बनवते, त्यांबरोबर या रोगात काही भलतीच प्रतिद्रव्ये तयार होतात. ती जंतूला नव्हे, तर मेंढीच्या रक्ताला चिकटतात. मात्र घोड्याची लस टोचल्यावर उठणाऱ्या दुखण्यातही असे घडे. म्हणून 1937 साली डेव्हिडसन यांनी गिनीपिगच्या मूत्रपिंडाची चाळणी लावून ही गफलत दूर केली. पुढे मेंढीच्या जागी घोड्याच्या पेशी आल्या, कारण त्या अधिक चटकन साक्ष देतात. अशा रीतीने परीक्षानळ्यांची रांग जाऊन काचेवरच्या दोन-चार मिनिटांवर काम आले.

एवढे होऊनही खरा गुन्हेगार मोकळाच होता. तो निराळ्याच वाटेने सापडला. युगांडातील मुलांच्या जबड्याच्या गाठींवर डेनिस बर्किट काम करीत होते. त्या गाठींचे तुकडे विमानाने लंडनला एप्स्टाइन यांच्याकडे जात. 1963 च्या डिसेंबरात एकदा धुक्यामुळे विमान मँचेस्टरला उतरले आणि नमुना उशिरा, गढूळ होऊन पोहोचला. फेकून न देता एप्स्टाइन यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर गढूळपणा सुट्या, जिवंत पेशींचा होता! त्या वाढविल्यावर 1964 साली त्यांत नवा विषाणू दिसला. पण त्याचा ग्रंथिज्वराशी संबंध जोडला तो 1967 साली फिलाडेल्फियात. हेन्ले दांपत्याच्या प्रयोगशाळेतील एका तरुण सहायिकेच्या रक्तात या विषाणूची खूण नव्हती. तिला ग्रंथिज्वर झाला, ती बरी झाली आणि खूण उमटली. येल विद्यापीठात जपून ठेवलेल्या विद्यार्थ्यांच्या रक्ताच्या नमुन्यांनी मग त्यावर शिक्कामोर्तब केले.

हा विषाणू जगातील शंभरांपैकी नव्वदांहून अधिक प्रौढांच्या अंगात मुक्कामाला असतो. दाटीवाटीच्या घरांत तो बहुधा बालपणीच, कोणाला न कळता, शिरतो. तरुणपणी गाठला तरच तो असा धिंगाणा घालतो. घरे सुटसुटीत झाली, मुले जपून वाढू लागली, की हे दुखणे तारुण्यापर्यंत लांबते!

चाचणीचे मर्मही मला तेव्हा उमगले. ती विषाणू पाहत नाही, शरीराची ती भलती प्रतिद्रव्ये पाहते; आणि ती तयार व्हायला दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात चारांतल्या एका रुग्णाच्या बाबतीत ती चुकू शकते, आणि लहान मुलांत तर पुष्कळदा चुकते. साक्षीदार खोटा नसतो. त्याला कोर्टात यायला वेळ लागतो.

आठवड्याने पुन्हा रक्त घेतले. या वेळी काचेवर स्पष्ट दाणे धरले. डॉक्टरांनी हसून सांगितले, "औषध काही नाही. विश्रांती घ्यायची, आणि पाणथरी सुजते म्हणून महिनाभर उड्या मारायच्या नाहीत."

औषध नसलेल्या रोगाचे नाव कळून एवढा आनंद झालेले घर मी दुसरे पाहिले नाही. बहिणीने त्या रात्री निरांजन शांत होऊ दिले. आणि परवा चकलीचा सोऱ्या फिरविताना भाची म्हणाली, "मामा, उड्या नको म्हणालेत डॉक्टर; चकल्या नको म्हणाले नाहीत!"