सलाईन घरी आलं, पण शिकवणी कुठे होती?

   

सलाईन म्हटलं की काय आठवतं? दवाखान्यातली खाट, स्टँडवर उलटी टांगलेली बाटली आणि मधूनमधून येऊन थेंब बघणारी सिस्टर. आता यातून दवाखाना काढून टाका. खाट घरातली, झोपलेलं मूल चार वर्षांचं, शेजारी छोटा पंप आणि सिस्टरच्या जागी आई. अमेरिकेत हे गेली पन्नासेक वर्षं चालू आहे. पण या चित्रात न दिसणारा एक माणूस आहे. त्या पिशवीत काय भरायचं, किती भरायचं, हे तपासणारा फार्मसिस्ट. त्याला हे काम शिकवलं कोणी आणि कधी, ते आज बघू.

गोष्ट सुरू होते फिलाडेल्फियात, १९६० च्या दशकात. काही बाळं जन्मतःच आतडं नीट न बनलेली असायची. दूध पचायचं नाही, बाळ उपासमारीनं जायचं. स्टॅन्ली डड्रिक या तरुण सर्जननं आधी कुत्र्याच्या पिल्लांना फक्त शिरेतून अन्न देऊन वाढवून दाखवलं. मग एका तान्ह्या मुलीवर तोच उपाय केला. १९६८ साली डग्लस विल्मोर आणि डड्रिक यांनी तिच्याबद्दल लिहिलं : तोंडात घास नाही, तरी वजन वाढतंय! ती मुलगी पुढे वाचली नाही, पण वाट सापडली.

मात्र हे अन्न इतकं दाट असतं की हाताची बारीक शीर त्यानं सुजते. नळी थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत न्यावी लागते. सिॲटलमध्ये १९७३ साली जॉन ब्रोव्हियाक यांनी मऊ सिलिकॉनची, कातडीखालून नेलेली, महिनोन्‌महिने टिकणारी नळी आणली. १९७४ साली सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या आजारातल्या रुग्णांना शिरेतली अँटिबायोटिक्स घरी दिल्याचा अहवाल आला. आणि पंप? तो डीन केमन यांचा. त्यांचा डॉक्टर भाऊ लहान मुलांवर उपचार करायचा. औषध एकसारख्या वेगानं देणारं यंत्रच मिळत नाही, ही त्याची तक्रार. केमननी अंगावर बाळगता येईल असा पंप बनवला आणि १९७६ मध्ये कंपनी काढली.

मग पैशाचा मुद्दा आला. १९८३ पासून अमेरिकेतली मेडिकेअर ही सरकारी विमा योजना दवाखान्याला आजारानुसार ठरावीक रक्कम देऊ लागली. योजना मुख्यतः म्हाताऱ्या माणसांसाठी, पण रुग्णाला लवकर घरी सोडण्याची हवा सगळीकडेच पसरली. घरी सलाईन पुरवणाऱ्या कंपन्या वाढल्या.

म्हणजे बघा, नळी घरी पोचली, पंप पोचला, धंदाही पोचला. शिकवणी मात्र मागेच राहिली.

तुम्ही म्हणाल, फार्मसिस्टला औषधं कळतातच की! कळतात. पण लहान मुलांचं गणित वेगळं असतं, बरं का. मोठ्या माणसाचा डोस बऱ्याचदा ठरलेला. मुलाचा डोस किलोवर. एक बाळ एक किलोचं, एक मुलगा पन्नास किलोचा. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट! मोठ्या माणसाला दहापट डोस द्यायचा तर दहा कुप्या फोडाव्या लागतील, कोणीतरी विचारेलच, 'अहो, एवढं कशाला?' बाळाचा दहापट डोस मात्र एकाच कुपीत मावतो. हाताला शंका येत नाही. म्हणून शंका घ्यायला डोकं शिकवावं लागतं.

आता १९९४ चा एप्रिल महिना. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, धोक्याची सूचना काढली. शिरेतून द्यायच्या अन्नात कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही लागतात. पण प्रमाण किंवा मिसळण्याचा क्रम चुकला तर त्यांचे बारीक खडे बनतात आणि रक्तातून फुप्फुसात जाऊन अडकतात. दोन माणसं दगावली होती. त्यात पिशवीत स्निग्ध पदार्थ असला तर सगळं दुधासारखं पांढरं. खडे दिसणार कसे? घरच्या आईनं कितीही डोळे फाडून बघितलं तरी व्यर्थ. ही चूक टळायची तर मिसळणाऱ्याच्या टेबलावरच टळायला हवी. नळीत गाळणी लावायची, तीही त्यानंच आठवणीनं द्यायची.

पुढची घटना घरातली नाही, दवाखान्यातली आहे, पण फार्मसीच्या त्याच टेबलावरची. २००६, क्लीव्हलँड. एमिली नावाची दोन वर्षांची मुलगी, कॅन्सरमधून सावरत होती. तिच्या केमोथेरपीच्या पिशवीत साधं ०.९ टक्क्यांचं मिठाचं पाणी हवं होतं. मिसळणाऱ्या टेक्निशियननं २३.४ टक्क्यांचं वापरलं. फार्मसिस्टनं ती पिशवी पास केली. एमिली गेली. फार्मसिस्टचं लायसन्स गेलं, तो तुरुंगातही गेला. पण खरा धक्का पुढे आहे. त्या वेळी ओहायो राज्यात अशा टेक्निशियनला कसलंही प्रशिक्षण सक्तीचं नव्हतं! २००९ मध्ये 'एमिलीज लॉ' आला, तेव्हा परीक्षा सक्तीची झाली.

मग आज शिकवतात काय? पहिलं, वजन. किलोतच, आणि कधी केलं त्या तारखेसकट. मूल वाढतं, मार्चचा डोस सप्टेंबरला चालत नाही. दुसरं, निर्जंतुक हात. याची एक मस्त परीक्षा असते. औषधाऐवजी जंतूंना आवडणारं पोषक द्रव भरायला देतात आणि ते १४ दिवस उबदार जागी ठेवतात. गढूळ झालं की नापास! अमेरिकेत असे नियम बंधनकारक झाले ते थेट २००४ मध्ये. तिसरं, आईबाबांना शिकवणं. 'समजलं का?' असं विचारायचं नाही, कारण सगळेच 'हो' म्हणतात. 'आता तुम्ही करून दाखवा' म्हणायचं. हात धुणं, नळीचं टोक पुसणं, पंपाची शिट्टी वाजली तर काय करायचं ते. आणि एक गोष्ट पाठच : नळी असलेल्या मुलाला ताप आला तर घरी वाट बघायची नाही, सरळ दवाखाना.

आपल्याकडेही थॅलेसेमियाच्या मुलांचे आईवडील रात्रभर पोटाच्या कातडीखाली पंपानं औषध देत आलेत. २००८ पासून आपल्या देशात सहा वर्षांचा फार्म-डी कोर्स आहे. २०१५ च्या नियमांत रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मसिस्टचं काम म्हणून लिहिलंय. तरी आपण त्याला 'मेडिकलवाला' म्हणतो आणि गोळ्यांची पट्टी घेऊन निघतो.

मला यात एकच हिशोब खटकतो. नळी १९७३ ची, पंप १९७६ चा आणि बंधनकारक नियम २००४ चे. मधली जवळपास तीस वर्षं कोणाच्या जिवावर गेली? सलाईन आपल्याही घराघरांत येऊ लागलंय. अमेरिकेनं जे शेवटी केलं, ते आपण आधी करू शकतो. डी-फार्म, बी-फार्म करणारी मंडळी ऐकत असतील, तर हा भाग खास तुमच्यासाठी. वर्गात दशांश चिन्हाचं गणित आलं की कंटाळू नका. त्या टिंबापलीकडे एक मूल झोपलेलं आहे.