न पाहिलेले फूल

काष्ठौषधींच्या दुकानात कोष्ठ मागितले की दुकानदार चार तुकडे पुडीत बांधून देतो. तपकिरी, सुरकुतलेले, दिसायला अगदी दरिद्री; पण पुडी सोडताच वास घरभर पसरतो. दिवाळीच्या उटण्यात वाळा, नागरमोथा, कचोरा यांच्या पंगतीला काही घरी तेही बसते. या मुळाच्या झाडाला फूल कसे येते, असे मी पुष्कळांना विचारले. कुणालाच सांगता आले नाही. यात त्यांचा दोष नाही. शेकडो वर्षे जगाने हे मूळ हुंगले; फूल मात्र फारच थोड्यांनी पाहिले.

अथर्ववेदातील ऋषींना त्याचे माहेर ठाऊक होते. 'कुष्ठ' या नावाने तेथे त्याची स्वतंत्र सूक्ते आहेत. तक्मन् म्हणजे ज्वर. त्याला पळवून लावणारी ही वनस्पती हिमवंतावर जन्मते व तेथून पूर्वेकडील लोकांकडे नेली जाते, असा त्यांचा आशय. म्हणजे त्या काळीही तो व्यापाराचा माल होताच.

पुढे माल दूर गेला आणि माहेर मागे राहिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात सिंधूच्या मुखावरील बार्बरिकम आणि आपले भडोच या बंदरांतून 'कॉस्टस' परदेशी जात असल्याची नोंद आहे. १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने त्याचे गुजराती नाव दिले. तेच आजचे उपलेट. कॉस्टस निरनिराळ्या देशांत निरनिराळे होते, हा जुना समज त्याने खोडून काढला. मात्र ते मांडू-चितोडच्या बाजूस उगवते, असे त्यानेही लिहिले. ज्या वाटेने गाड्या येत, ती वाटच माहेर समजली गेली असावी, असे मला वाटते.

कोडे सुटले ते एकोणिसाव्या शतकात. सहारनपूरच्या सरकारी बागेचा प्रमुख ह्यू फाल्कनर काश्मीरच्या डोंगरांत हिंडला आणि प्राचीनांचे कॉस्टस ते हेच, असे त्याने दाखवून दिले. माणसाच्या उंचीचे झुडूप, रुंद पाने आणि गर्द जांभळी, काळपट दिसणारी गोंडेदार फुले. शेवंती-झेंडूच्या कुळातलेच हे भावंड. पण राहणे अडीच-तीन हजार मीटरांच्याही वर.

हे मूळ शालींच्या गठ्ठ्यांत कसर लागू नये म्हणून ठेवीत, आणि चीनमध्ये धुपासाठी त्याला मोठी मागणी असे. परंतु मूळ उपटले की झाडही गेले. काश्मीर दरबाराने त्यावर आपला हक्क ठेवला आणि संवत १९७८ मध्ये, म्हणजे इ. स. १९२१ च्या सुमारास, खास कुठ कायदा केला. तरी चोरटी खणाई थांबली नाही.

याच सुमारास, १९२० च्या दशकात, लाहौलच्या शेतकऱ्यांनी कुठाची लागवड सुरू केली. रोहतांग खिंडीपलीकडची ही दरी हिवाळाभर बर्फात कोंडलेली असे. तेथून बाहेर पाठवायचा माल हलका, टिकाऊ आणि मोलाचा हवा. वाळलेले मूळ तिन्ही कसोट्यांना उतरले. बी पेरायचे, तीनएक वर्षे वाट पाहायची, मग खणायचे. या पिकाने दरीत पैसा आणला. पुढे भाव घसरले आणि बटाटा, मटार यांनी बरीच शेते घेतली.

१९८५ साली वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारकरारात कुठ सर्वांत कडक परिशिष्टात गेले. १९९१ च्या दुरुस्तीने आपल्या वन्यजीव कायद्यातही त्याची नोंद झाली. लागवडीलाही परवाना लागू लागला. शेतकऱ्याला हा जाच वाटला तर नवल नाही. पण वाळलेले मूळ रानातले की शेतातले, हे डोळ्यांना ओळखता येत नाही. आणि रानातील कुठ आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे.

शेती नसती तर रान केव्हाच उजाड झाले असते, असे म्हणणारे आहेत. ते मला बरेचसे पटते. परंतु शेतातले बी मुळात रानातूनच आले. रोग पडला, पीक खचले, तर नव्या बियाण्यासाठी पुन्हा त्याच कड्यांकडे जावे लागेल. म्हणून शेतकऱ्याला परवाना सुलभ करावा आणि रानातले झाड मात्र अस्पर्श ठेवावे. या दोहोंत मला विरोध दिसत नाही. पुडीतल्या मुळाची किंमत आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो. कड्यावरच्या फुलाची अजून कुणी दिलेली नाही.